लेवीयाचं पाकीट

"लेवीय सोडू नकोस, एस्तेर. आत्ताच सांगून ठेवते."

सगुणामावशी हे म्हणाल्या तेव्हा मी मनूच्या मानेवरची घामोळी मोजत होते. काल सात होती, आज नऊ. माझं पहिलं मूल, दहा महिन्यांचं, आणि मी त्याचं अंग रोज दोनदा इंच इंच तपासायची. मावशी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, जुन्या बायबल-बाई. चाळीस वर्षं वाड्यावस्त्या पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवलेलं, त्यामुळे त्या काही सांगू लागल्या की भलेभले गप्प बसत. मी नाही बसले.

"मावशी, त्या लेवीयात आहे काय? बैल कसा कापायचा, चरबी कुठे जाळायची, कुठला टोळ खायचा नि कुठला नाही. एवढी चिरफाड मी बी.एस्सी.लासुद्धा केली नव्हती!"

माझी नणंद शुलमिथ खळखळून हसली. मावशी हसल्या नाहीत.

"तू सोडणार, तशी सगळीच सोडणार. मग ते उरणार कुणाच्या वाट्याला?"

"उरलं तर उरू दे," मी म्हणाले आणि दहाव्या घामोळीकडे वळले.

स्पर्धा होती बायबलातल्या मोशेच्या पाच पुस्तकांची. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. दर मे महिन्यात आसपासच्या पाच मंडळ्यांचा मेळावा भरायचा, त्यात प्रत्येक मंडळीची एक जोडी उतरायची आणि जिंकणारी जोडी लाकडी ढाल घेऊन जायची. आमच्या गावाला अकरा वर्षांत ती ढाल दिसली नव्हती. एप्रिलमधल्या एका रविवारी, उपासनेनंतरच्या चहाला, कुणीतरी यावरून चिमटा काढला आणि माझे सासरे, ज्यांना सगळं गाव दादा म्हणायचं, ते मंडळीच्या कारभारी वडीलधाऱ्यांपैकी असल्याने उसळले.

"यंदा माझी सून आणि माझी लेक उतरतायत! बघाच तुम्ही."

"आणि जिंकल्या तर काय द्याल?" मावशींनी लगेच धरलं.

"मागतील ते."

"नर्सिंग," शुलू म्हणाली.

कपबश्या वाजायच्या थांबल्या. एकोणीस वर्षांची शुलू बारावी पास होऊन वर्षभर घरी बसली होती. नर्सिंगच्या शाळेचा अर्ज तिने दोनदा आणला आणि दादांनी दोनदा तो रेडिओखाली ठेवून दिला. त्यांच्या डोक्यात राहात्याचा एक मुलगा होता, शाळेत शिपाई, स्वभावाने गरीब, तंबाखूसुद्धा नाही.

दादांनी सगळ्यांकडे पाहिलं. आता माघार कशी घेणार? "बरं," ते म्हणाले. "ढाल घरी आली तर नर्सिंग. नाही आली तर राहात्याचे पाहुणे बोलवायचे, आणि पोहे देताना तोंड वाकडं करायचं नाही. कबूल?"

"कबूल," शुलू म्हणाली. घरी येईपर्यंत तिने माझा दंड सोडला नाही. नखं रुतली होती.

मग सहा आठवडे आमच्या घरात दुसरं काही नव्हतं. शुलू भाकऱ्या थापायची, मी उंबऱ्यावर मनूला मांडीवर घेऊन प्रश्न टाकायची.

"याकोब राहेलीसाठी किती वर्षं राबला?"

"सात! आणि फसवल्यावर आणखी सात! वहिनी, दादांना आठवण करू नका हं. राहात्याच्या पाहुण्याला चौदा वर्षं मेंढरं राखायला लावतील."

"तेवढ्यात तू मॅट्रन होशील."

"मग तर सांगाच!"

एकदा अनुवादातले आशीर्वाद धडाधड म्हणताना तिचा हात तव्याच्या काठावर टेकला. मला वास आला. मी किंचाळले, तेव्हा कुठे तिने खाली पाहिलं. "तंद्री लागली होती," म्हणाली आणि हात ओढणीखाली घेतला. मी म्हटलं, पोरगी काय पेटलीय!

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. शुलू मनूला घेईनाशी झाली होती. जन्मल्यापासून तो तिच्याच हातावर झोपायचा, मला उसंत मिळायची ती तिच्यामुळे. आणि आता? मी तिच्याकडे दिला की म्हणायची, "तुम्हीच घ्या वहिनी, माझं पाठांतर राहतंय." मनू तिच्याकडे झेपावायचा, ती पाठ फिरवायची. मी बारा दिवस मोजले. बोलले काही नाही, पण मनात धरलं. दुसऱ्याच्या पोराचा कंटाळा येतो एकेकीला. भर मेमध्ये ती लांब बाह्यांचे ड्रेस घालून फिरायची, तेही मी पाहिलं होतं. वाटलं, नर्सिंगची स्वप्नं पडायला लागलीत, रंग जपतेय.

मेळाव्याच्या दिवशी मांडवात तीनेकशे माणसं होती. पाच टेबलं, प्रत्येकावर पितळेची एकेक घंटी. समोर निवृत्त हेडमास्तर थोरातसर, नाकाच्या टोकावर चष्मा. आमच्या शेजारच्या टेबलावर आल्हाट मास्तर आणि आल्हाट बाई. सलग तीन वर्षं ढाल त्यांच्या दिवाणखान्यात. आल्हाट बाईंनी आमच्याकडे पाहून हात हलवला, लहान मुलांना हलवतात तसा.

"वहिनी," शुलू पुटपुटली, "ह्यांना हरवायचंय."

"फार हरवायचंय."

आणि काय सुटलो आम्ही! नोहाच्या तारवाची लांबी, टण्. योसेफाला विकलं ते किती रुप्याच्या नाण्यांना, टण्. इजिप्तवरच्या दहा पीडा क्रमाने, टण्, आणि शुलूने एका श्वासात रक्त, बेडूक, उवा, गोमाशा करत थेट थोरल्या मुलांच्या मरणापर्यंत आणून सोडलं. मागे आमच्या गावची माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. मनू मावशींच्या मांडीवर घंटी वाजली की टाळ्या पिटत होता. दुसरी फेरी संपली तेव्हा आम्ही आल्हाटांपेक्षा पाच गुणांनी पुढे होतो. दादा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. नक्की काय व्हावं असं त्यांना वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

शेवटच्या फेरीला थोरातसरांनी पाच पाकिटं मांडली. पाच पुस्तकांची पाच. प्रत्येकात पाच प्रश्न, प्रश्नाला दहा गुण.

"सगळ्यांत मागे असलेली जोडी आधी निवडेल," ते म्हणाले. "आघाडीची जोडी शेवटी."

आघाडीची जोडी म्हणजे आम्ही. पहिल्या जोडीने उत्पत्ती उचलली. दुसरीने निर्गम. तिसरीने अनुवाद. आल्हाट बाईंनी दोन पाकिटांवरून हात फिरवला, माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि गणना उचलली.

टेबलावर एकच पाकीट राहिलं. मांडवातून "ओहोहो" उठलं. मी मावशींकडे बघायचं टाळलं.

आल्हाटांनी पाचातली चार उत्तरं बरोबर दिली. आम्हालाही चार हवी होती. तीन आली तर राहात्याचे पाहुणे.

"शुलू," मी तोंडावर हात धरून म्हणाले, "मला यातलं काही येत नाही. माफ कर गं. माझं चुकलं."

तिचं लक्ष पाकिटाकडे होतं.

"लेवीय," सरांनी पाकीट फाडलं. "अध्याय तेरावा. अंगावरच्या चट्ट्यांची परीक्षा. प्रश्न पहिला. कुणाच्या कातडीवर सूज, खपली किंवा डाग दिसला, तर काय करावं?"

टण्! घंटी शुलूने वाजवली होती. "त्याला अहरोन याजकाकडे न्यावं. नाहीतर त्याच्या मुलांपैकी कुणा याजकाकडे."

"बरोबर. दुसरा. डाग पांढरा आहे, पण कातडीच्या खाली गेलेला दिसत नाही, वरचे केसही पांढरे नाहीत. तर?"

टण्! "सात दिवस वेगळं ठेवावं."

"बरोबर. सातव्या दिवशी पाहिलं, डाग पसरलेला नाही. मग?"

टण्! "आणखी सात दिवस."

मागून आरोळी उठली. तीस गुण! मी तिच्याकडे बघतच राहिले. घोकून पाठ केलेलं बोलताना तिचे डोळे वर जायचे. आत्ता तसे गेले नव्हते. ती सरळ समोर बघून, घरचा पत्ता सांगावा तशी सांगत होती.

"चौथा प्रश्न," सरांनी चष्मा वर सारला. "नीट ऐका. चट्टा डोक्यापासून पायापर्यंत पसरला, सगळं अंग पांढरं झालं. याजकाने त्या माणसाला काय ठरवावं? शुद्ध की अशुद्ध?"

हे तर मलाही येत होतं! सगळं अंग गेलं, म्हणजे अशुद्ध. माझा हात घंटीकडे झेपावला. शुलूने माझं मनगट वरच्यावर पकडलं.

"वहिनी, नाही."

"अगं सरळ आहे..."

"नाही म्हणते ना!" तिने दुसऱ्या हाताने घंटी दाबली. "शुद्ध."

आल्हाट मास्तर हसले. थोरातसरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा दूर नेला.

"शुद्ध," ते म्हणाले. "बरोबर."

काय दंगा झाला म्हणून सांगू! खुर्च्या पडल्या. कुणीतरी ढोलकी घेतली. मी शुलूला मिठी मारायला वळले तर ती मला दिसेचना, मधे माणसंच माणसं. त्या गोंधळातच सरांनी पाचवा प्रश्न वाचला, नियम म्हणून. अशुद्ध ठरलेल्याने काय करावं? शुलूने तोही सोडवला. पण आवाज एवढा खाली गेला होता की मला दोनतीनच शब्द ऐकू आले. केस मोकळे. वरचा ओठ झाकून. छावणीबाहेर, एकट्याने.

"दादा, शब्द!" आमची माणसं ओरडत होती. "शब्द!"

"दिला!" दादांनी दोन्ही हात वर केले. रडत होते. "दिला! जाईल माझी लेक!"

पण लेक जागेवर नव्हती.

स्वयंपाकाच्या मांडवामागे पाण्याची टाकी होती. तिच्या आडोशाला शुलू उभी होती, नळ सोडून, हात न लावता. मी ढाल काखेत मारून धावत गेले.

"अगं, बाहेर ये! तुला खांद्यावर घ्यायचं म्हणतायत! आणि मला सांग, लेवीय कधी वाचलंस तू? लबाडे, माझ्या चोरून!"

"असंच."

"असंच? आख्खा अध्याय?"

"तेवढाच एक. तीन आठवडे." तिने नळ बंद केला. "वहिनी, दादांना सांगा, मला नर्सिंगला नाही जायचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "वेड लागलं का? आत्ता तर..."

"तिथे आधी अंग तपासतात."

मी काही विचारायच्या आत तिने उजवी बाही कोपरावर सरकवली. हाताच्या मागच्या अंगाला, तव्याच्या डागाभोवती, एक फिकट चट्टा. लिंबाच्या चकतीएवढा. कडा तांबूस.

"खाजत नाही. दुखत नाही. काहीच होत नाही तिथे. तवा लागला तोही कळला नाही. केस पांढरे नाहीत, मी रोज बघते. सात दिवस थांबले. मग आणखी सात. मग आणखी. पसरत नाही, पण जातही नाही." ती एखाद्या पेशंटबद्दल सांगावं तसं सांगत होती. "पुस्तकात पुढचं नाही दिलेलं, वहिनी."

खोटं कशाला सांगू? मी एक पाऊल मागे गेले. मनूचं अंग डोळ्यांसमोर आलं, घामोळी, मान, सगळं. पाऊल आपोआप गेलं, पण गेलं. शुलूने ते पाहिलं.

"म्हणूनच त्याला घेत नव्हते," ती म्हणाली.

माझे ते बारा दिवस! मी मोजलेले, मनात धरलेले! ढाल माझ्या काखेतून निसटून चिखलात पडली. मी पुढे झाले आणि तिचा हात धरला. तिथेच धरला, चट्ट्यावर.

"सोडा, वहिनी."

"नाही सोडणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सांग."

"काय?"

"पहिला प्रश्न! डाग दिसला तर काय करायचं?"

"न्यावं... अहरोनाकडे."

"न्यावं ना? दुसऱ्या कुणीतरी न्यायचं असतं. दारं लावून तीन आठवडे एकटीनं मोजत बसायचं, असं लिहिलंय कुठे? अगं, कुष्ठरोगाचा जंतू असतो तो! मी परीक्षेत लिहिलाय, आठ मार्कांना. गोळ्यांनी मरतो. चल."

"आत्ता? गाडी तीनला सुटणार."

"सुटू दे."

मांडवापाशी मावशी मनूला घेऊन उभ्या होत्या. मी धापा टाकत म्हटलं, "शुलूला दवाखान्यात नेतेय. तासभर लागेल." मावशींनी शुलूच्या तोंडाकडे पाहिलं, वर सरकलेल्या बाहीखालच्या चट्ट्याकडे पाहिलं, आणि फक्त मनूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

सरकारी दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. आम्ही चाललो नाही, पळालो. या रोगाचं काम बघणारे गृहस्थ बुटके, गोल, पान खाणारे. डबा सोडून जेवायला बसणार होते. हात पाहिला आणि त्यांनी डबा पुन्हा बांधला.

"डोळे मीट, बाळ. मी कापूस लावीन. लागला वाटला की बोट ठेवायचं."

मनगटाला कापूस लागला, शुलूचं बोट तिथे. दंडाला लागला, बोट तिथे. मग त्यांनी तो चट्ट्यावर फिरवला. एकदा. दोनदा. शुलू डोळे मिटून, बोट उचलून, वाट पाहत बसली होती. सकाळपासून तिच्या आधी कुणाचा हात घंटीवर पडला नव्हता, आणि आता ती वाट पाहत होती. मी तोंडात पदर कोंबला.

"उघड डोळे." त्यांनी मान, पाठ, दुसरा हात, पाय, सगळं पाहिलं. "तोच आहे. पण एकच चट्टा आणि वेळेवर आलात. सहा महिने गोळ्या, इथून फुकट. एकही चुकवायची नाही. हा पसरवणारा प्रकार नव्हे. एका ताटात जेवा, एका गादीवर झोपा."

"घरात लहान बाळ आहे," शुलू म्हणाली.

"मग घे की त्याला. माझ्याकडे काय बघतेस?"

"आणि नर्सिंग?" हे मी विचारलं.

"आमच्यात माणसं कमी आहेत," ते पानाचा डबा उघडत म्हणाले. "लवकर शिकून या म्हणावं."

शुलू हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. पहिल्या गोळ्या तिने तिथेच, त्यांच्याच तांब्यातल्या पाण्याने घेतल्या.

परत आलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मांडव उतरवत होते, बाकी गावांच्या गाड्या कधीच गेल्या होत्या. आमचा टेम्पो तिथेच होता, आत बावीस माणसं घामाने निथळत, आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून शिव्या देत. कारण टेम्पोच्या पुढे, बरोब्बर मधोमध, लोखंडी खुर्ची टाकून दादा बसले होते.

"दीड तास झाला!" ड्रायव्हर माझ्यावर ओरडला. "म्हातारा हलेना. संध्याकाळी वऱ्हाड आहे माझं!"

"मावशींनी सांगितलं मला," दादा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले. "खरं आहे?"

"खरं आहे. सहा महिने गोळ्या. बरं होतं."

त्यांनी खुर्ची मिटली. तीन प्रयत्न लागले. मग ड्रायव्हरकडे वळून ते एवढंच म्हणाले, "गणना, अध्याय बारावा."

"काय?"

ड्रायव्हरला कळणं शक्य नव्हतं. मला कळलं, शुलूला कळलं. मोशेची बहीण मिर्याम. तिच्या अंगावर कुष्ठ फुटलं, तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवलं. वाळवंट, लाखो माणसं, सगळ्यांना पुढे जायची घाई. आणि तिला आत आणीपर्यंत कुणीही तंबूची एक खुंटी उपटली नाही.

"बस पुढे," दादा शुलूला म्हणाले.

मावशींनी मनूला खिडकीतून तिच्याकडे दिलं. तो तिच्या हातावर आडवा झाला, आणि ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. शुलू गोळ्या संपवून नर्स झाली. आता गावोगाव घरात शिरून लोकांचे हात-पाठ बघते, आणि हे लिहायला तिनेच मला बसवलंय. म्हणते, "वहिनी, लोक येत नाहीत हो. घरात बसून मोजतात."

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या घरात कुणी हल्ली जेवायला वेगळं बसतंय का? हसून काहीतरी कारण सांगून जवळ यायचं टाळतंय का? तुम्हाला त्याचा राग आला असेल. मलाही आला होता. ही पानं राहू द्या बाजूला. आत्ता उठा, आतल्या खोलीत जा, आणि काय झालंय ते विचारा. "काही नाही" म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.